चौथं नाव

सकाळी मी ईरी सरोवराकाठच्या नऊ गल्ल्यांत टपाल वाटतो,
संध्याकाळी गावच्या तलावावर पोरांना पाण्यात पिटाळतो.
दोन्हीकडे काम एकच,
नाव नीट वाचणं.

बुधवारी रात्री स्वयंपाकघरात
वेळांचा कागद, पेन्सिल, गार झालेली कॉफी.
अकरा-बारा वर्षांच्या मुली, मेडली रिले.

कठड्यावरच्या बापांना वाटतं, त्यात काय,
वेगवान चौघी निवडा अन् द्या सोडून.
पण ब्रिटा ब्रेस्टस्ट्रोकला पहिली, बटरफ्लायलाही पहिलीच,
आणि एक पोरगी दोनदा पोहू शकत नाही.
तिला फुलपाखरू करावं, तर बेडूक कोण होणार?
मेव्ह झाली तर चार सेकंद जातात.
मेव्हलाच फुलपाखरू केलं तर दीड.
म्हणून ब्रिटा बेडूक. तिला ते आवडणार नाही.
पाठीवर ग्वेनिथ, ढग मोजत सरळ रेषेत जाणारी,
तिच्याबद्दल वाद नाही.
मी बेरीज करतो, खोडतो, पुन्हा करतो.
बायको विचारते, जुलैत कसला कर भरतोयस?

शेवटची जागा फ्रीस्टाइलची.
कोरिन : पंधरा पूर्णांक एकतीस.
ओडेसा : पंधरा पूर्णांक अठ्ठेचाळीस.
मध्ये सतरा शतांश,
पेटीत पत्र पडल्याचा आवाज येईपर्यंत
याहून जास्त वेळ जातो.

पण कोरिनला धीर नाही.
गेल्या दोन शनिवारी ती आधीच उडाली,
भिंतीला हात लागायच्या आत.
पंचाचा हात वर. चौघी बाद.
ओडेसा कधीच आधी उडत नाही.
ओडेसा रांगेत उभी राहते, टॉवेलाची घडी घालते.

रबरानं चौथी ओळ इतकी घासली
की कागदातून टेबल दिसायला लागलं.
शेवटी लिहिलं, कोरिन.
समोरचा संघ तगडा होता. एवढंच कारण.
याहून चांगलं कारण शोधलं, सापडलं नाही.

गुरुवारी यादी कुंपणाला लावली.
ओडेसा आली. "कितीनं?"
"सतरा शतांश."
ती काही बोलली नाही. खोल बाजूला उडी मारली
आणि तळाशी जाऊन बसली.
मी मोजत राहिलो. एकोणतीस. तीस. एकतीस.
बूट काढायला वाकलो तेवढ्यात वर आली.
"ती थांबत नाही."
"माहीत आहे."
"मग तिचा पाय धरते."

आणि धरला.
दोन संध्याकाळी, ढग गडगडून
सगळ्यांना अर्धा तास बाकांवर बसवलं तेवढा सोडून,
कोरिन ठोकळ्यावर ओणवी, मागे ओडेसा गुडघ्यांवर,
दोन बोटांत तिचा घोटा.
मेव्हचा हात भिंतीला लागला की बोटं सुटत.
त्याआधी नाही. कोरिन ओरडली, चिडली,
एकदा लाथही मारली.
बोटं सुटली नाहीत.

शनिवारी नियमाप्रमाणे कुणी कुणाला धरायचं नसतं.
ओडेसाच्या दंडावर काळ्या शाईत दुसऱ्या रिलेचा आकडा,
ती सहाव्या लेनमागे, अजून वीस मिनिटं होती तिला.
माझ्या हातात घड्याळ होतं, मी ते बघितलंच नाही.
मी तिची मूठ बघत होतो.
मेव्ह येत होती, शेवटचे दोन हात,
मूठ आवळलेली,
अंगठा पांढराफटक,
मेव्ह टेकली
आणि मूठ उघडली.

कोरिन हवेत होती.
पंचाचा हात मांडीशेजारीच राहिला.

नंबर कितवा आला ते गावाला माहीत आहे,
फळ्यावर आहे, जाऊन वाचा.

सोमवारी तिच्या दारात विजेचं बिल टाकलं.
पायरीवर ती, मांडीवर सीरियलचा वाडगा.
मी म्हटलं, कशी आहेस?
तिनं वर न बघता दूध ढवळलं.
"आज चार मिनिटं उशीर झाला तुम्हाला," म्हणाली.
झाला होता.